झहीर व्हायचं असेल तर आधी बॉल मोजा

डोंबिवलीहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत, डावखुरा फास्ट बोलर. यंदा हॅरिस शिल्ड ही शाळांची स्पर्धा खेळला, तीन मॅचमध्ये अकरा विकेट. घरी झहीर खानचे जुने व्हिडिओ बघत बसतो. कोच म्हणतात, पोरगं इंडिया खेळेल, पण त्यासाठी आठवड्याचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ नेट, शनिवार-रविवार क्लबच्या मॅच, आणि जमलं तर दहावीला एक वर्ष गॅप. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'अधूनमधून कंबर दुखते म्हणतो, पण मलम लावलं की थांबते.' त्यांचे प्रश्न दोन. झहीरची कारकीर्द नेमकी कशामुळे घडली? आणि त्या वाटेनं जायचं तर मुलानं आत्ता काय करावं?

मी क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क मिळून सत्तावीस वर्षं बोलरांबरोबर काम करतोय. त्यातली बहुतेक मुलं तुमच्या मुलाच्याच वयाची. म्हणून उत्तराची सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करतो, कारण पूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

तो डावखुरा आहे. त्याला विचारा, दुखतं ते मणक्याच्या उजव्या बाजूला का, खाली, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर? फास्ट बोलरच्या कमरेचं हाड बहुतेक वेळा बॉल टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला चिरतं. मग त्याला उजव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. नेमकं तिथेच टोचलं, तर त्या दिवसापासून बोलिंग बंद करायची आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे जायचं. ही घरातली चाचणी म्हणजे निदान नव्हे. दुखलं नाही तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ येऊन-जाऊन दुखणारी कंबर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. 'एक्स-रे क्लीन आहे, टाक बॉल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मलमानं स्नायू शेकतो, हाड जुळत नाही.

असं का होतं हे तुम्हाला कळायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतायचे आहेत. फास्ट बोलर पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते सात पट जोर जमिनीतून परत वर येतो. त्याच क्षणी धड वळत असतं, बाजूला झुकत असतं, मागे ताणलेलं असतं. हे सगळं कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या बारीक हाडावर येतं. मोठ्या माणसाचं हाड ते सोसतं, रात्रीतून डागडुजी करतं. पंधराव्या वर्षी मुलगा उंच होत असतो, पण मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. ते पुरतं पक्कं व्हायला विशी उलटावी लागते. उंची वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की कोच खूश होतो, आणि नेमकं त्याच वर्षी हाड सगळ्यात कच्चं असतं.

आता हिशेब करू. सकाळच्या नेटमध्ये साठ बॉल, संध्याकाळी साठ. दिवसाला एकशेवीस, पाच दिवसांत सहाशे. शनिवार-रविवार प्रत्येकी दहा ओव्हर धरल्या तर आणखी एकशेवीस. आठवड्याला सातशेवीस बॉल, आणि एकही दिवस सुट्टी नाही. कसोटीत दोन्ही डाव मिळून चाळीस ओव्हर टाकणारा बोलर दमला म्हणून त्याला पुढच्या कसोटीत विश्रांती देतात. त्याचे बॉल होतात दोनशेचाळीस. कोचचं ऐकलं तर तुमचं दहावीतलं पोर दर आठवड्याला त्याच्या तिप्पट टाकेल.

इंग्लंडच्या बोर्डानं शाळकरी फास्ट बोलरसाठी वर्षानुवर्षं एक मर्यादा ठेवली होती. चौदा-पंधरा वर्षांखालच्या गटात एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ६ ओव्हर आणि दिवसात १२. सोळा-सतरा वर्षांखालच्या गटात स्पेलला ७ आणि दिवसाला १८. एक स्पेल संपला की दुसरा सुरू करण्याआधी त्याच टोकाकडून तितक्याच ओव्हर जाऊ द्यायच्या. आपल्याकडे कॅप्टनच्या हातात एकच चांगला फास्ट बोलर असतो आणि अंपायरला हे मोजायचं काम नसतं. मग मोजायचं कुणी? तुम्ही. शंभर पानी वही आणा. तारीख, नेटमधले बॉल, मॅचमधले बॉल, कंबर-गुडघा-खांदा यांना शून्य ते दहा गुण. मुलानं स्वतः लिहायचं, तुम्ही रविवारी बघायचं. माझ्याकडच्या प्रत्येक मुलाकडे अशी वही आहे. वही न आणणाऱ्याला मी त्या दिवशी बॉल देत नाही.

एवढं आग्रहानं सांगण्याचं कारण माझ्या स्वतःच्या कमरेत आहे. मी सतराव्या वर्षी कॉलेजकडून, क्लबकडून आणि एका ऑफिसच्या टीमकडून एकाच महिन्यात खेळत होतो. तेव्हाच्या माझ्या कोचना मी दोनदा सांगितलं की दुखतंय. 'फास्ट बोलरची कंबर दुखतेच' असं उत्तर मिळालं. डिसेंबरातल्या एका सकाळी आझाद मैदानावर चौथी ओव्हर टाकताना पुढचा पाय आपटला आणि मी उठूच शकलो नाही. दोन्ही बाजूंना चिरा होत्या. अकरा महिने घरी होतो. परत आलो तेव्हा वेग गेला होता, आणि वेग गेल्यावर काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तिथेच माझं खेळणं संपलं.

'वेग गेल्यावर काय करायचं', झहीरची कारकीर्द मला याच प्रश्नाचं उत्तर वाटते. तुमचा मुलगा बघतो ते व्हिडिओ यॉर्करचे आणि उडालेल्या दांड्यांचे असणार. मी त्याला जे दाखवेन ते वेगळं आहे.

झहीर श्रीरामपूरचा. जन्म ७ ऑक्टोबर १९७८. मुंबईत आला तो सतरा वर्षांचा असताना, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगची वाट समोर होती, ती सोडून वडिलांनी त्याला बोलिंग करू दिली. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्याला घडवलं. माजी वेगवान गोलंदाज टी. ए. शेखर यांच्या नजरेत तो भरला आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशन या फास्ट बोलरच्या अकादमीत पोहोचला, जिथे ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली शिकवायचे. इतकं सगळं होऊनही मुंबईच्या रणजी संघात त्याला जागा नव्हती. शेखर यांच्या सल्ल्यानं तो बडोद्याला गेला आणि १९९९-२००० च्या मोसमात तिकडून पहिलं रणजी खेळला. पुढच्या मोसमात बडोद्यानं रेल्वेविरुद्धची फायनल जिंकली, त्यात त्याचे दुसऱ्या डावात ५ बळी होते.

मुंबईत जागा नाही म्हणजे संपलं, असं दादर-माटुंग्याच्या मैदानांवर आजही पालक बोलतात. ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे. पण मी तिथे जास्त रेंगाळत नाही, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीच्या एका स्पर्धेत तो भारताकडून पहिली वनडे खेळला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, त्यानं स्टीव्ह वॉला यॉर्करवर बोल्ड केलं. नोव्हेंबरात ढाक्याला पहिली कसोटी. वेग होता, डावरा अँगल होता, लांब रनअप आणि उंच उडी होती. २००३ च्या विश्वचषकात १८ बळी घेतले. आणि त्याच विश्वचषकाच्या फायनलमध्ये, जोहान्सबर्गला, त्याच्या पहिल्याच ओव्हरमध्ये १५ धावा गेल्या. वाइड, नो-बॉल, सगळं आलं. ७ ओव्हरमध्ये ६७ धावा, बळी एकही नाही. त्यानंतर दुखापती सुरू झाल्या, फॉर्म डळमळला, आणि २००६ च्या सुरुवातीला तो भारतीय संघाबाहेर होता. वय सत्तावीस. मैदानावर लोक म्हणायला लागले होते की झालं याचं.

त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला गेला आणि वूस्टरशायरकडून काऊंटी खेळला. काऊंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९. मुलांना हे आकडे सांगितले की ती टाळ्या वाजवतात, पण मला त्या मोसमात दिसतं ते वेगळंच. दर आठवड्याला चार दिवसांची मॅच, टीव्ही नाही, गर्दी नाही, तिकडचा ड्यूक्सचा बॉल, आणि पुन्हा पुन्हा तेच काम. तिथून परत आलेला झहीर बघा. रनअप आखडलेला, उडी आटोपशीर. हात वर येताना मनगट बॉलच्या बरोबर मागे. डावखुऱ्या बॅट्समनला अराउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं, येऊन बॉल दोन्हीकडे काढणं ही त्याची ओळख झाली. रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना बॉल हवेत उलट्या बाजूला वळणं, होत असताना धावत येताना तो दुसऱ्या हातानं बॉल झाकायचा, चमकदार बाजू कुठली हे बॅट्समनला दिसू नये म्हणून. वेग थोडा कमी, डोकं दुप्पट.

२००७ ला ट्रेंट ब्रिजवर बॅटिंग करताना खेळपट्टीवर त्याला जेली बीन्स, म्हणजे गोड गोळ्या, पडलेल्या सापडल्या, त्यावरून खूप चर्चा झाली. गोळ्यांची चर्चा राहू द्या. त्या कसोटीत त्यानं ९ बळी घेतले, दुसऱ्या डावात ७५ धावांत ५, आणि भारतानं १९८६ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्याआधी त्याच वर्षी वानखेडेवर बंगालविरुद्धच्या रणजी फायनलमध्ये मुंबईच्या टोपीत त्यानं सामन्यात ९ बळी घेतले होते. ज्या शहराच्या रणजी संघात त्याला जागा नव्हती, त्याच शहराला त्यानं रणजी करंडक मिळवून दिला.

आणि मग २ एप्रिल २०११. वानखेडे, श्रीलंकेविरुद्ध विश्वचषकाची फायनल. त्या मैदानाची खेळपट्टी तयार करणारे क्युरेटर होते सुधीर नाईक, म्हणजे तेच, ज्यांनी श्रीरामपूरच्या पोराला क्लबमध्ये घेतलं होतं. झहीरचा पहिला स्पेल: ५ ओव्हर, ३ मेडन (एकही धाव न दिलेल्या), ६ धावा, १ बळी. आठ वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये एका ओव्हरमध्ये १५, इथे पाच ओव्हरमध्ये ६. पुढे शेवटच्या ओव्हरमध्ये त्याला मार पडला, ते खरं आहे. तरी स्पर्धेत २१ बळी, शाहिद आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. यातले कितीतरी बळी नकल बॉलचे किंवा मंद चेंडूचे होते. नकल बॉलसाठी बॉल बोटांच्या पेरांवर धरतात, हात फास्ट बोलरचाच येतो पण बॉल मरून येतो. बंगळुरूच्या इंग्लंडविरुद्ध टाय झालेल्या मॅचमध्ये स्ट्रॉस १५८ वर खेळत होता. झहीर जुना बॉल घेऊन परत आला, लागोपाठच्या बॉलवर बेल आणि स्ट्रॉस गेले, पुढच्या ओव्हरमध्ये कॉलिंगवूड. मी ती मॅच क्लबच्या टेंटमध्ये मुलांबरोबर बघत होतो, आणि त्या तीन विकेट थांबवून थांबवून पुढे आठवडाभर दाखवल्या.

सगळं मिळून ९२ कसोटींत ३११ बळी, २०० वनडेत २८२. पंधरा वर्षांत कसोट्या ९२ च. दुखापतींनी किती खाल्लं ते इथे दिसतं. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १३.३ ओव्हर टाकून तो मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला आणि पूर्ण मालिकेला मुकला. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे: झहीर दोनदा बोलर झाला. पहिल्यांदा शरीराच्या जोरावर, दुसऱ्यांदा सगळं उलगडून पुन्हा बांधून. आंतरराष्ट्रीय पातळीवर दहा वर्षं टिकलेल्या जवळजवळ प्रत्येक फास्ट बोलरला हे करावं लागतं. आणि दुसऱ्यांदा बोलर व्हायला पहिल्या खेपेला शरीर शिल्लक राहावं लागतं.

मुंबईतलीच आणखी दोन-तीन उदाहरणं मुलाला सांगा. शार्दुल ठाकूर पालघरचा. किटबॅग खांद्यावर टाकून लोकलनं मुंबईत खेळायला यायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी मिळाली आणि दहा बॉल टाकून जांघेच्या दुखापतीनं बाहेर. दुसरी कसोटी मिळायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. ती होती जानेवारी २०२१ ची ब्रिस्बेन. सामन्यात ७ बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. ही मधली दोन वर्षं तो काय करत होता हे कुठल्याच व्हिडिओत नाही, पण कारकीर्द तिथेच तयार झाली. अजित आगरकर शिवाजी पार्कचा, आचरेकर सरांचा. अंगानं किरकोळ. २३ वनडेत ५० बळी घेतले तेव्हा तो जगात सगळ्यात वेगवान ठरला होता. वनडेत एकूण २८८ बळी, पण कसोटी फक्त २६. आविष्कार साळवीची ॲक्शन ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राची आठवण करून द्यायची. २००३ मध्ये चार वनडे खेळला आणि दुखापतींनी पुढचं सगळं हिरावून घेतलं. त्याची ती सरळ, उंच ॲक्शन मी अजूनही मुलांना हातवारे करून दाखवतो आणि दरवेळी वाईट वाटतं.

आणि पद्माकर शिवलकर. स्पिनर होते, पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय मुंबईच्या बोलरविषयी बोलता येत नाही. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी फायनलला चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. भारताकडून एकही कसोटी नाही, कारण तो काळ त्यांच्यासारख्याच डावखुऱ्या स्पिनरचा, बिशनसिंग बेदींचा होता. 'इंडिया खेळेल' असं पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलणाऱ्यानं आधी शिवलकरांचे आकडे पाठ करावेत. मी आजवर एकाही पालकाला असं वचन दिलेलं नाही आणि तुम्हालाही देणार नाही.

आता मुलानं काय शिकावं. त्याची ॲक्शन मी बघितलेली नाही, म्हणून घरी करता येईल अशी एकच गोष्ट सांगतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन बाजूंनी शूट करा, समोरून आणि बाजूनं. मागचा पाय टेकतो तेव्हा खांदे आणि कंबर एकाच दिशेला तोंड करून आहेत का ते बघा. दोन्ही बॅट्समनकडे, किंवा दोन्ही आडवे, काहीही चालेल. कंबर समोर आणि खांदे आडवे, किंवा याच्या उलट, असं असेल तर ती मिश्र ॲक्शन. ती पाठीचा कणा पिळते. कमरेच्या चिरांमध्ये सगळ्यात मोठा वाटा तिचाच असतो असं मी माझ्या मुलांमध्ये बघितलंय. ही पंधराव्या वर्षी बदलता येते. विशीत बदलायला गेलं तर बॉल कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही.

बाकी कौशल्याचं म्हणाल तर या वयात दोनच गोष्टी. सीम, म्हणजे बॉलची शिवण, उभी ठेवून बॉल सोडणं आणि एका जागी टाकणं. जुन्या काळचे कसोटी बोलर बापू नाडकर्णी नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर बॉल टाकायचे. त्याच सरावातून जानेवारी १९६४ च्या मद्रास कसोटीतल्या सलग २१ मेडन ओव्हर आल्या. नाण्याऐवजी मी वर्तमानपत्राचं अर्धं पान ठेवतो, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, गुड लेंग्थवर. चोवीस बॉल, त्यातले किती पानावर, ते वहीत लिहायचं. आठवड्यातून दोनदा. नेटमध्ये मोठ्या बॅट्समनना तासभर बॉल टाकत राहणं हा सराव नव्हे, ती बॅट्समनची सोय आहे. मुंबईतल्या अर्ध्या पोरांची कंबर अशा नेटवर गेली. सीझन बॉल जुना-नवा दोन्ही हातात हवा. आपला एसजीचा बॉल हातानं शिवलेला, त्याची सीम उंच राहते. इंग्लंडचा ड्यूक्स आणि ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा वेगळे वागतात. पण ते पुढचं. नकल बॉल वगैरे आत्ता अजिबात नको. झहीर तो जगाला दाखवत होता तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

पावसाळ्यात कांगा लीग जरूर खेळू द्या. ही स्पर्धा १९४८ पासून आहे आणि तिच्यासारखी शाळा दुसरीकडे नाही. ओलसर खेळपट्टीवर बॉल थांबून येतो, बोलरला कटर, म्हणजे बोटं फिरवून टप्प्यावर वळवलेले बॉल, आपोआप कळतात, आणि भिजलेला जड बॉल पकडून टाकायची सवय होते. फक्त बॉल सोडताना पाय पडतो ती जागा कोरडी आहे का बघा. माळीदादांना सांगून तिथे लाकडाचा भुसा टाकून घ्या. घसरलेल्या एका पावलानं मोसम जातो. त्या मोसमात शाळा, क्लब, टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा हे सगळं एकत्र नको. टेनिस बॉल हलका असतो म्हणून पालकांना तो मोजावासा वाटत नाही. पुढचा पाय मात्र तितक्याच जोरात आपटतो. वहीत तेही लिहा.

निवडीची वाट तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. सोळाखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, एकोणीसखालच्यांसाठी विनू मंकड आणि कूचबिहार, तेविसाखालच्यांसाठी सी. के. नायडू, मग रणजी. सोळाखालच्या गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, त्यामुळे जन्मतारखेत कुणी काही खेळ करायला सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा. एखादी ट्रायल हुकली तर आभाळ कोसळत नाही. एजाज पटेल जोगेश्वरीत राहणारा मुलगा, आठव्या वर्षी आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला, आधी वेगवान टाकायचा, विशीत स्पिनर झाला, तिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळला. डिसेंबर २०२१ मध्ये याच वानखेडेवर त्यानं भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले.

राहिली दहावी. गॅप घेऊ नका. तुम्ही अभ्यासाच्या बाजूनं विचार करताय, मी कमरेच्या बाजूनं करतो. फास्ट बोलरला वर्षातून एकदा सलग सहा-आठ आठवडे बॉल न टाकता काढायला हवेत, आणि पंधरा वर्षांच्या पोराला तसं कुणीही बसू देत नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा ही विश्रांती तुम्हाला आयती देतेय. जानेवारीच्या शेवटापासून मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत बॉल पूर्ण बंद. डॉक्टरांची हरकत नसेल तर घरी पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे व्यायाम वीस मिनिटं रोज. एमआरआयमध्ये चीर निघाली तर साधारण चार ते सहा महिने जातील. मग कोच काहीही म्हणोत, डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते परत सुरू करताना. सुट्टीनंतर पोरं एका आठवड्यात आधीच्या आकड्यावर उडी मारतात, आणि दुखापत लगेच येत नाही, तीन-चार आठवड्यांनी येते. तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही. म्हणून एप्रिलचं वेळापत्रक आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिला आठवडा: तीन दिवस, रोज चोवीस बॉल, अर्ध्या रनअपनं. दुसरा: तीन दिवस, रोज तीस. तिसऱ्यापासून पूर्ण रनअप, पण पुन्हा चोवीस. मग दर आठवड्याला सहा-सहा वाढवत जायचं, मेअखेर दिवसाला अठ्ठेचाळीसपर्यंत. लागोपाठ दोन दिवस नाही. मॅच मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी नाही. कोचना हे पान दाखवा. त्यांना राग आला तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलेन.

आणि एमआरआय या आठवड्यातच करून घ्या, पुढच्या मॅचनंतर नको.